पाटीत मावेल तेवढं वचन

३ फेब्रुवारी

प्रिय ताईस धाकट्या भावाचा सलाम.

परीक्षा जवळ आल्या की पोरांना फळा दिसेनासा होतो, तेव्हा तुझ्या चष्म्याच्या दुकानात गर्दी असणार. तरी हे पत्र बाजूला ठेवू नकोस. आमच्या घराचा कायापालट झालाय.

आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळकसाहेब आलेत. वय कोवळं, पण आवाज असा की मागच्या बाकावरचासुद्धा जागा राहतो. पंधरवड्यामागच्या रविवारी ते म्हणाले, "वचन नुसतं ऐकून घरी जाऊ नका. ते घरात लावा." ताई, जन्मभर उपदेश ऐकतोय, पण पाट्या रंगवणाऱ्याला कळेल अशा भाषेत बोलणारा पाळक पहिल्यांदा भेटला. सोमवारी कामं बाजूला ठेवली, उरलासुरला पत्रा कापला आणि आठवड्याभरात घरभर वचनं लावून टाकली. पांढऱ्या जमिनीवर निळी अक्षरं, खाली करडी सावली.

पोरीच्या आरशावर बाहेरच्या नटण्यामुरडण्याविषयीचं लावलं. खालचा शिंपी दिवसभर रेडिओ कोकलत ठेवतो, त्याच्या खिडकीसमोर शेजाऱ्यावर प्रीती करण्याचं लावलं, म्हणजे त्यानं आमच्यावर करावी. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो म्हणून बायकोनं माझं डोकं खाल्लं होतं. बायबलातली नीतिसूत्रं चाळली तर काय, कटकट्या बायकोची तुलना चक्क ठिबकण्याशीच केलेली! ती पाटी नळाच्या बरोब्बर वर ठोकली. तेव्हापासून नळाचा विषय बंद. नळ तसाच ठिबकतोय, पण घरात शांती आहे.

अप्पांच्या खोलीत याकोबाच्या पत्रातलं लावलं, ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असावं ते. अप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बरं." आधीच ते मोजकं बोलायचे, आता त्याहून कमी बोलतात. वचन लागू पडतं म्हणतात ते खोटं नाही.

पाळकसाहेब घरी येऊन सगळ्या पाट्या बघून गेले. बराच वेळ त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, भारावले असावेत. संध्याकाळचा अभ्यासवर्ग कुणाच्या तरी घरी सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. विषय, 'कुटुंबात वचन कसं जगावं'. मी तिथल्या तिथे हात वर केला.

तुझा भाऊ,
पेंटर


११ फेब्रुवारी

पेंटरसाहेबांस,

पत्र वाचून इतकी हसले की समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या नाकावरची फ्रेम पाहून हसतेय. तो फ्रेम न घेताच गेला. हे पाप तुझ्या माथी.

अरे, पाळक म्हणाले लावा, आणि तू हातोडा घेऊन निघालास. बरं झालं, ते ख्रिस्ताचा वधस्तंभ उचला म्हणाले नाहीत, नाहीतर तू सुताराकडे माप द्यायला गेला असतास.

एक विचारते. मुलीला पाटी, बायकोला पाटी, शिंप्याला पाटी, बापाला पाटी. तुझ्या वाटणीची कुठे लावलीस? शास्त्रात कुसळ आणि मुसळ आहे, ते तुझ्या कुठल्याच भिंतीवर दिसत नाही. पत्रा संपला का? माझ्याकडे अशी माणसं रोज येतात. रस्त्यापलीकडच्या दुकानाचं नाव खडाखडा वाचतात, हातातला पावतीचा कागद मात्र लांब धरतात. त्याला चाळिशी म्हणतात. तुझी जरा भलत्याच ठिकाणी लागलीय.

आणि वर्ग तुझ्या घरी बसणार कुठे? हॉलमध्ये तुझे डबे, अर्धवट पाट्या आणि सोफ्यावर झोपणारी पोरगी. एक खोली तुम्हा नवराबायकोची, एक अप्पांची. माणसं काय डब्यांवर बसवणार आहेस?

अप्पांच्या गुडघ्याचं कळव. वचनाशिवाय कळव.

डोळ्यांनी अजून शाबूत असलेली,
ताई


२ मार्च

प्रिय ताई,

माझ्या वाटणीच्या पाटीचं विचारतेस. अगं, ब्रश माझ्या हातात आहे. न्हावी स्वतःचे केस स्वतः कापतो का?

वर्ग सुरू झाला! जागेचा प्रश्नही सुटला. एका सकाळी प्रार्थनेत मनात आलं की आपण प्रभूला आजवर दिलं काय? आणि उत्तरही तिथंच मिळालं. अप्पांची खोली मी प्रभूला देऊन टाकली. पूर्वेची खिडकी, भरपूर उजेड, भिंतीला लागून अप्पांनीच केलेलं कपाट. सुतारकाम सोडल्यावर ती खोली त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवलेली, म्हणजे कामही पक्कं. खुर्च्या अगदी ओळीनं बसतात. मंडळीच्या खजिनदारांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, देणारे पुष्कळ पाहिले, खोली देणारा पाहिला नव्हता.

अप्पा कुठे, असं विचारशील. ते पॅसेजमध्ये आहेत. हवेशीर जागा आहे. फ्रिज हाताशी, मोरी हाताशी, या वयात माणसाला आणखी काय लागतं? त्यांना विचारूनच केलं. ते म्हणाले, "बरं." गुडघाही बरा असावा, तक्रार नाही.

आता तुझ्याकडे काम. त्या खोलीच्या दारावर वचनाची पाटी हवी. लहानपणी रविवारच्या शाळेत पाठांतराचं बक्षीस दर वर्षी तूच न्यायचीस, तेव्हा शोभेलसं एखादं सुचव. पत्रा तीन फुटी आहे, त्यात मावेल असं बघ.

तुझा भाऊ


७ मार्च

प्रिय ताई,

मी लिहितेय हे यांना माहीत नाही. औषधाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेवढ्यात लिहिते.

अप्पा हवेशीर जागेत आहेत असं यांनी कळवलं असेल. हवा आहे, खरं आहे. पुढचं दार उघडलं की समोरून येते आणि मोरीचं उघडलं की मागून. खाट फ्रिज आणि चपलांच्या घोडीच्या मध्ये बसवलीय. वर्गाची माणसं हात धुवायला जाताना पाय उचलून जातात, आणि अप्पा पाय पोटाशी घेऊन बसून राहतात. सगळे त्यांना हसून नमस्कार करतात हो, माणसं वाईट नाहीत. कुटुंबात प्रेम कसं करावं यावर आत चर्चा रंगते आणि अप्पा बाहेर चपला ओळीत लावतात. त्यांनी आपली अवजारांची पेटी खाटेखाली घेतलीय. रंधा काढतात, पुसतात, परत ठेवतात.

अप्पा "बरं" म्हणाले हेही खरं. त्यांचं बरं तुम्हाला माहीत आहे. सासूबाई गेल्या तेव्हा डॉक्टरांनाही ते तेवढंच म्हणाले होते.

मी बोलले नाही असं नाही. तोंड उघडलं की हे मान वळवून नळावरच्या पाटीकडे बघतात. पोरगी तर बापाशी बोलायचीच थांबलीय. आणि मग मीही गप्प बसले, ताई. घरात शांती म्हणून लिहितात ना, ती अशी आहे. मला त्याची लाज वाटते.

तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकतील. नळ अजून ठिबकतोय.

तुमची भावजय


१२ मार्च

पेंटरसाहेबांस,

वचन पाठवते. मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय, नववं ते तेरावं. तुझ्या दारासाठी याहून नेमकं शास्त्रात सापडणार नाही.

सगळं वाच. एकदा वाचून नाही समजलं तर परत वाच. हवा तर चष्मा फुकट पाठवते.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

तू म्हणजे तूच! वचन उघडलं आणि नजर थेट मोत्यावर पडली. देवाला अर्पण! खोलीला याहून साजेसं काय असणार? पाचच्या पाच वचनं तीन फुटांत मावेनात. अक्षर बारीक केलं तर दारातून वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही ते वचन काय कामाचं? म्हणून मधला गाभा तेवढा उचलला. 'देवाला अर्पण' एवढेच दोन शब्द, सोनेरी, तांबडी सावली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत मार्क ७ आणि वचनांचे आकडे टाकले, म्हणजे कुणाला पुढचंमागचं वाचायचं असेल तर सोय.

येत्या रविवारी पाटीचं अनावरण आहे. पाळकसाहेब स्वतः पाटीवरचा संपूर्ण भाग मोठ्यानं वाचणार आहेत. मीच तसा आग्रह धरला. तुझं नावही घेईन.

आणखी एक. अप्पांना हवापालटासाठी तुझ्याकडे पाठवतोय, गुरुवारच्या बसनं. समारंभाला माणसं वाढणार, चहाचं टेबल पॅसेजमध्येच लागणार, मग उगाच त्यांची अडचण कशाला? मी विचारलं, ताईकडे जाता का थोडे दिवस? म्हणाले, "बरं." स्वभाव किती गोड झालाय बघ त्यांचा. याकोबाची पाटी पॅसेजमध्येही खाटेच्या वर लावून दिली होती, तिचा गुण.

तुझा भाऊ


२९ मार्च

प्रिय ताई,

अप्पा पोचल्याचं कळलं. पेटी बरोबर नेलीय हे मला त्यांना बसमध्ये बसवताना दिसलं. हवापालटाला जाणारा माणूस रंधा आणि करवत नेत नाही. मी पिशवीत डबा ठेवला आणि हात हलवला.

आता रविवारचं ऐका. खोली गच्च भरलेली. यांनी नवा शर्ट घातलेला. फडकं ओढलं, सोनेरी अक्षरं चमकली, टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी कोपऱ्यातला आकडा बघितला, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. तुम्हाला तर पाठच असेल. आईबापाचा मान राखा असं देवानं सांगितलंय. पण तुम्ही काय करता, आईबापाला जे द्यायचं तेच उचलून देवाला अर्पण केलं म्हणता आणि त्यांच्यासाठी काही करायचं टाळता. तुमच्या या चालीनं देवाचं वचन तुम्ही रद्द करता. एवढं सगळं त्यात आहे. पाळकसाहेबांचा आवाज हळूहळू खाली येत गेला. शेवटचं वचन तर त्यांनी जवळजवळ पुटपुटलं. मग पाटीकडे बघितलं, मग यांच्याकडे.

त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळपणे विचारलं, "ही खोली आधी कुणाची होती?"

खजिनदार चपलांकडे बघायला लागले. मग आमची पोरगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली, "आजोबांची. मग ते पॅसेजमध्ये होते. तिथं आता हे टेबल आहे."

चहा सगळ्यांनी घेतला, पण उभ्या उभ्या.

यांनी त्या दिवसापासून ब्रश हातात घेतलेला नाही. पाटी बघत बसतात. खरं सांगू, रविवारी मला आतून बरं वाटलं होतं. आता तोंड बघवत नाही. अप्पांना न्यायला येतील बहुधा, तयारीत असा.

तुमची भावजय


२० एप्रिल

प्रिय ताई,

मध्ये लिहिलं नाही, कारण मी मोडलो होतो. आता पुन्हा उभा राहिलोय, तेही मंडळीसमोर.

तू मला ते वचन मुद्दाम पाठवलंस हे समजलं. राग नाही. त्या पाच वचनांनी मला भुईसपाट केलं, आणि प्रभूनं त्याच मातीतून मला वर काढलं. गेल्या रविवारी मी उभा राहून साक्ष दिली. काही लपवलं नाही. बापाची खोली घेतली, त्याला फ्रिजशेजारी टाकलं, वर सोनेरी पाटी लावली, सगळं सांगितलं. पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत रुमाल निघाले. खजिनदारांनी परत मिठी मारली, या वेळची जास्त घट्ट होती. पाळकसाहेब तेवढे म्हणाले, "आता घरी जाऊन काय ते करा." त्यांना वक्तृत्वाची जाण जरा कमीच आहे.

बातमी पसरली. आता आणखी तीन मंडळ्यांचं बोलावणं आलंय. बॅनर मीच रंगवला, 'पॅसेजमधला बाप', काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं.

अप्पांना न्यायला लगेच यायचं मनात होतं, पण एक अडचण आहे. साक्षीचा शेवट असा आहे की मी घरी जातो आणि रिकाम्या खाटेकडे बघत उभा राहतो. बायका तिथंच रडतात. अप्पा आत्ताच परत आले तर तो शेवट खोटा ठरेल, आणि साक्षीत खोटं बोलणं बरं नव्हे. दौरा संपला की येतो. वर्ग अजून त्याच खोलीत चालतो. जिथं चूक झाली तिथंच शिकावं, असं सगळ्यांचं मत पडलं.

मी त्यांची जाहीर माफी मागितलीय, हे अप्पांना कळव.

तुझा नम्र झालेला भाऊ


२६ एप्रिल

भावास,

कळवलं. तुझं पत्र अप्पांना अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं," आणि माझ्या दुकानाच्या अडकणाऱ्या ड्रॉवरला रंधा मारायला लागले. दिवसभर मारत होते. ड्रॉवर आता इतका सैल झालाय की आपोआप उघडतो.

मला आजवर तुझी गंमत वाटत होती. आज संताप आलाय. माफी मागायची तर माणूस इथे, दुकानामागच्या खोलीत बसलाय. मंडळ्यांची कसली माफी मागतोस? त्यांच्या कुणाची खोली घेतली होतीस? आधी तू बापाला पाटीसाठी बाहेर काढलंस, आता साक्षीसाठी बाहेर ठेवतोयस. पूर्वी निदान तुला ठाऊक नव्हतं.

अप्पांच्याच धंद्यातल्या एका सुताराला जन्मताना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती, गव्हाणीत निजावं लागलं होतं. त्या उतारशाळेच्या मालकानंही पुढे त्यावर गावोगाव भाषणं दिल्याचं शास्त्रात लिहिलेलं नाही.

ताई


८ मे

प्रिय ताई,

तुमचं पत्र यांनी वाचून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या मंडळीत साक्ष द्यायला दोन दिवस गेले. त्या पत्राचाही साक्षीत उपयोग होईल म्हणाले. मग मात्र माझं डोकं फिरलं.

पोरगी आणि मी कामाला लागलो. तिनं सोफ्यावरचं बिऱ्हाड उचललं आणि आमच्या खोलीत माझ्याशेजारी थाटलं. एवढी मोठी पोरगी रोज रंगाच्या वासात झोपते, हे यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. यांचं अंथरूण, उशी, चष्मा, पायमोजे पॅसेजमधल्या खाटेवर नीट मांडले. याकोबाची पाटी तिथं होतीच.

हे आले तेव्हा यांना आधी वाटलं खोलीला रंग चाललाय. मी म्हटलं, आमची खोली मी पोरीला दिलीय, अभ्यासाचं वर्ष आहे. यांनी खुर्च्यांच्या खोलीकडे बघितलं. मी म्हटलं, ती प्रभूची आहे, तुम्हीच दिलेली, तिला मी हात कशी लावू? यांनी हॉलकडे बघितलं. तिथं सोफ्यावर यांच्याच ओल्या पाट्या वाळत घातल्या होत्या.

मग मी जरा गोडीत सांगितलं, थोडेच दिवस, हवेशीर आहे. तेव्हा यांनी तोंड उघडलं, नळाकडे मान वळवली, आणि तिथं भिंतीवर नुसते खिळे होते. ती पाटी मी काढून माझ्या हातानं भंगारवाल्याला दिलीय. त्यानं पत्रा चांगला आहे म्हणून कौतुक केलं.

पंधरवडाभर तरी यांना तिथंच ठेवणार आहे. कठोर झाले का मी? अप्पांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

तुमची भावजय


१९ मे

ताई,

हे पत्र पॅसेजमधून लिहितोय. मांडीवर पाटी घेऊन लिहितोय, कोरी आहे.

पहिले दोन दिवस मी चिडलेला होतो. तिसऱ्या दिवशी वाटलं, यातून साक्ष आणखी रंगेल. मग तेही वाटेनासं झालं. इथं कुणी वाईट वागत नाही, ताई. तेच कठीण आहे. वर्गाची माणसं हसून जातात. खजिनदारांनी काल माझ्याशी बोलता बोलता त्यांची ओली छत्री माझ्या उशाशी टेकवली. त्यांच्या मनात काही नव्हतं. पॅसेजमध्ये छत्र्या ठेवतातच. आत पोरगी काहीतरी सांगून हसते आणि मी विचारतो, काय झालं? तर म्हणतात, काही नाही. दाराबाहेरच्या माणसाला सगळ्याचं उत्तर काही नाही असंच मिळतं. मी अप्पांना किती वेळा हेच उत्तर दिलं ते आठवत बसलो.

आणि इथं नळ ऐकू येतो. स्वयंपाकघरात येत नाही एवढा इथं येतो. थेंब पडला की पुढच्याची वाट बघायची. अप्पा सुतार माणूस, पाना त्यांच्या पेटीत होता, एका मिनिटाचं काम. पण नळावर पाटी मी लावलेली. त्यांनी हात लावला नाही.

नळ दुरुस्त केला. बायकोनं दोनदा पाणी सोडून बंद करून बघितलं.

ती पाच वचनं मी आज परत वाचली. पत्रा किती लागेल हा हिशेब न करता पहिल्यांदाच वाचली. तिसऱ्या मंडळीला येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी विचारलं, बॅनर तरी पाठवता का? खुर्च्या चर्चच्या मागच्या शेडमध्ये पोचवल्या, वर्ग आता तिथं भरेल. पाळकसाहेब स्वतः खुर्च्या उचलायला आले होते. म्हणाले, मी 'लावा' म्हणालो, ही चूक माझीच. मी म्हटलं, शब्द बरोबर होता, जागा चुकली.

मला भीती वाटतेय, ताई. सगळ्या मंडळीसमोर वाटली नव्हती. अप्पा येणार नाहीत म्हणाले तर मी काय करू? शनिवारी येतोय. त्यांना आधी सांगू नकोस, नाहीतर ते आपले "बरं" म्हणून पिशवी भरून बसतील.

भाऊ


३० मे

प्रिय भावजयबाईस,

तुझा नवरा अजून परत का आला नाही म्हणून काळजीत असशील. माणूस धडधाकट आहे. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण तो स्वतः नीट सांगेल असं वाटत नाही. सध्या त्याला शब्द सापडत नाहीत, आणि ते त्याला शोभतंय.

शनिवारी आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. नंबर तपासायला आल्यासारखा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर मी मागच्या दाराकडे बोट दाखवलं. अप्पा माझ्यासाठी स्टूल करत होते. हा दारात उभा राहिला आणि सवयीनं "शास्त्रात..." म्हणाला आणि तिथंच अडला. मी पडद्याआड होते. ऐकत होते, ते कबूल करते.

मग म्हणाला, "अप्पा, मी पॅसेजमध्ये झोपतो."

अप्पांनी मान वर केली नाही. रंधा चालूच होता. म्हणाले, "डोकं कुठल्या बाजूला करतोस?"

"फ्रिजकडे."

"फ्रिजकडे करू नये. तो कण्हत असतो. मोरीकडे कर, दाराखाली फडकं लाव. आणि पाय लांब करून बसायचं नाही, लोकांना ओलांडताना संकोच होतो."

मंडळ्यांना रडवणारा तुझा नवरा तिथं भुशात खाली बसला आणि रडला. मोठा आवाज नाही, हात वर करणं नाही. मी त्याला लहानपणी पडल्यावर रडताना पाहिलं होतं, तसा रडला. मग खोली रिकामी केलीय, खिडकी पुसलीय, घरी चला म्हणाला.

मला वाटलं, अप्पा आता नेहमीसारखे "बरं" म्हणतील आणि पेटी उचलतील. मी तर रुमाल काढून तयार होते. अप्पांनी रंधा खाली ठेवला. "मला राग आलाय," म्हणाले. "तुझा. खूप आलाय. ती खोली मी बांधली होती. तुझी आई त्या खिडकीत बसून गेली. तू मला विचारलंस तेव्हा तुला माझं उत्तर नको होतं, म्हणून मी दिलं नाही."

अगं, इतकं सलग बोलताना मी त्यांना आयुष्यात ऐकलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. तुझ्या नवऱ्याजवळ उत्तराला वचन नव्हतं, किंवा असलं तरी त्यानं काढलं नाही. एवढंच म्हणाला, "अजून आहे का?"

"पुष्कळ आहे," अप्पा म्हणाले.

"मग मी थांबतो."

तेव्हा तो इथंच आहे. त्याचं अंथरूण दुकानात काउंटरच्या मागे घातलंय. रोज सकाळी चहा झाला की अप्पा त्याला समोर बसवतात आणि सुनावतात. रोज थोडं. कधी खोलीचं, कधी तुझ्या सासूचं, कधी त्यानं शाळेत असताना मोडलेल्या पटाशीचं. तो ऐकून घेतो. काल तर मध्येच अप्पांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं आणि पुढे चालू ठेवलं.

अजून चार-आठ दिवस लागतील असं दिसतंय. अप्पांचं सगळं बोलून झालं की दोघांना एकाच बसनं पाठवते.

तुझी,
ताई